नव्या काचेवरची फुली

वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या पंधरवड्यात, एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एका चारमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत, काचा बसवणाऱ्या एका चौपन्न वर्षांच्या कारागिराची निराशा झाली. ही नोंद इतक्या काटेकोरपणे करण्याचे कारण असे की, ज्या बातमीने ही निराशा झाली ती बातमी चांगली होती. आणि ही विसंगती दुसऱ्या कोणी लक्षात आणून देण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती. खोलीतल्या म्हाताऱ्या बाईला त्याने नेहमीचा प्रश्न विचारला होता: "फुटली कशी?" हा प्रश्न तो प्रत्येक घरी विचारी, पण काम अर्धे झाल्यावर, पाठ वळलेली असताना, जणू चौकटीलाच विचारतो आहे अशा सुरात. माणसे चेहऱ्याला जे सांगत नाहीत ते पाठीला सांगतात, हे त्याने तीस वर्षांत शिकून घेतले होते. काच आपण होऊन क्वचितच फुटते. ती फुटली म्हणजे बहुधा घरात काहीतरी घडलेले असते: कोणी कोणावर काही फेकलेले असते, कोणी कोसळलेले असते, कोणाला आतून बाहेर काढावे लागलेले असते. पोलीस आणि डॉक्टर निघून गेल्यावर त्या घरात जो पहिला परका माणूस शिरतो तो काचवाला. आणि काच चौकटीत धरून ठेवणारी जुनी पुट्टी खरवडायला लागणाऱ्या अर्ध्या तासात त्या घराचे दुःख अजून गरम असते.

"पडद्याची काठी काढत होते," म्हातारी म्हणाली. "तिचं टोक लागलं."

"मग लागलं कोणाला?"

"काचेला लागलं, मिस्त्री. बाकी सगळे सुखरूप आहेत. बाकी म्हणजे मीच."

खाचेत अडकलेला एक तुकडा त्याने हलक्या हाताने सोडवला. चौकटीच्या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या शाबूत काचेत त्याचा चेहरा दिसत असावा हे त्याच्या ध्यानात आले नाही. ते म्हातारीच्या आले.

"तोंड का पडलं तुमचं? कोणी मरायला हवं होतं का?"

"छे हो मावशी, काहीतरीच काय! सहज विचारलं."

"सहज विचारलेलं मला कळतं. चाळीस वर्षं सुईण होते मी प्रसूतिगृहात. दारात उभी राहणारी माणसं बघितलीत. 'कशी आहे ती?' म्हणणारे वेगळे, आणि 'काय झालं, काय झालं?' म्हणणारे वेगळे. तुम्ही दुसऱ्यातले."

हे तिने रागाने म्हटले नाही. एखाद्याच्या अंगावरचा डाग पाहून तो कशाचा आहे हे ओळखावे तितक्याच सहजतेने म्हटले, आणि चहाचे आधण ठेवायला ती टेबलाची कड धरून धरून गेली. त्याने मात्र उरलेले काम घाईने उरकले. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. ज्या घरात काही घडलेले असे तिथे तो ओशाळवाण्या प्रेमळपणाने रेंगाळत असे: ढिली कडी घट्ट करून देई, करकरणाऱ्या बिजागरीला तेल घाली, कोणी सांगितले नसताना पडदा परत टांगून देई, आणि लोक म्हणत, माणूस किती भला. इथे घडलेले काहीच नव्हते. म्हणून त्याने नवी काच खाचेत बसवली, बारीक खिळे ठोकले, पुट्टी आतून दाबली (ती एरवी बाहेरून भरतात, पण तिसरा मजला असल्याने आणि ही खिडकी उघडत नसल्याने पूर्वीच्या कोणा आळशाने ती आतूनच भरली होती, आणि त्यालाही तसेच करणे भाग होते), अंगठ्याने कड साफ केली, आणि खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशाने काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरी फुली ओढली.

"ही आठ दिवस पुसू नका. पुट्टी वाळायची आहे. आणि नवी काच इतकी स्वच्छ असते की काच आहे हेच ध्यानात राहत नाही, माणूस सरळ हात घालतो."

"आठ दिवस मी फुलीकडे बघत बसू? बरं. आणि पडदा?"

पडदा खुर्चीवर घडी करून ठेवला होता, काठी भिंतीला टेकवली होती. स्टूल त्याच्या पायाखालीच होते. दोन मिनिटांचे काम. "लावाल सावकाश," असे म्हणून तो उतरला. निघताना फुटक्या काचेतला तळहाताएवढा एक तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. तेही सवयीने, या तुकड्यात पाहण्यासारखे काही असेल अशी आशा त्याला नव्हती.

पाहणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. त्याच्या घरी, मागच्या खोलीत, फळीवर एक सपाट लाकडी पेटी होती. तिच्यात फ्लॅनेलच्या घड्यांमध्ये एकशेबारा तुकडे होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. चौदा वर्षांपूर्वी, एका जळालेल्या घरातून आणलेला तुकडा काजळी पुसावी म्हणून त्याने दुपारच्या उजेडात धरला, पुट्टीची खरबरीत कड स्वतःच्या डोळ्याकडे ठेवून, म्हणजे खिडकीबाहेर उभा राहून आत पाहणाऱ्याच्या बाजूने. आणि त्याला त्या घरातली खोली दिसली. विहिरीच्या तळाशी दिसावी तशी, लहान, थंड आणि स्पष्ट. आवाज नव्हता. जे घडून गेले होते ते तिथे घडत होते. काचेने ते पाहिलेले होते आणि ती ते विसरली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ त्याने लावला. या गोष्टीची त्याला भीती वाटायला हवी होती. पण भीती वाटण्यासाठी माणसाला आधी संकोच वाटावा लागतो, आणि तिथे त्याला पाहणारे कोणीच नव्हते. पुढे तो प्रत्येक ठिकाणाहून तुकडा आणू लागला. पत्र हातात धरून तासभर न हललेला एक माणूस त्याने पाहिला. रिकामा पाळणा उचलून तो माळ्यावर ठेवणारी आणि पुन्हा खाली काढणारी एक तरुण बाई पाहिली. पाहून झाले की त्याच्या छातीत एक ऊब पसरे, आणि त्या उबेला तो कृतज्ञता म्हणत असे: हे माझे घर नाही, ही माझी बायको नाही, माझ्या खिडक्या शाबूत आहेत. तो शब्द चुकीचा होता असे म्हणता येत नाही. थंडीत दुसऱ्याच्या जळत्या घरावर हात शेकणाऱ्यालाही ऊब लागतेच. एवढेच, की जो शेकतो त्याने त्या उबेला चूल म्हणू नये.

त्याच्या बायकोला तुकड्यांत काही दिसत नसे. एकदा तिने डोळ्याला लावून पाहिला आणि म्हणाली, "मला तर समोरची भिंतच दिसते बाई. तुम्हाला काय दिसतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक." मात्र दुपारी तीन ते चार तो मागच्या खोलीत काय मिळवतो हे ती पुरते ओळखून होती. "दुसऱ्याकडे रडारड झाली की तुम्हाला त्या दिवशी भूक चांगली लागते," ती ताट वाढताना म्हणे. "चौदा वर्षं बघतेय. आज दोन पोळ्या जास्त, म्हणजे कुठेतरी कोणीतरी गेलं."

त्या मंगळवारी दुपारी त्याने तुकडा डोळ्यासमोर धरला, पुट्टीची कड नेहमीप्रमाणे आपल्याकडे. आणि त्याच्या पाठीतून एक गोड शिरशिरी गेली. म्हातारी जमिनीवर पडलेली होती. स्टूल आडवे झालेले. काठीचे एक टोक खिळ्यात अडकलेले, दुसरे लोंबते, पडदा तिच्या पायांवर. तिचा डावा हात फरशीवर पुढे जाई, काही शोधल्यासारखा चाचपडे, आणि पुन्हा मागे येई. डोक्याखाली काहीतरी काळपट पसरले होते. म्हणजे ती खोटे बोलली! पडदा काढताना ती पडली होती, चांगली आपटली होती, आणि परक्यापुढे कमीपणा नको म्हणून डोक्याची जखम पदराखाली लपवून, सगळे काठीवर ढकलून मोकळी झाली होती. टेबलाला धरून चालत होती ते उगाच नव्हे. आणि वर मलाच सुनावते, 'कोणी मरायला हवं होतं का?' त्या रात्री तो पोटभर जेवला. बुधवारी त्याने पुन्हा पाहिले. गुरुवारी तर दोनदा. दृश्यात एकच उणीव होती. तुकड्यावर दोन धुरकट पांढरे पट्टे होते, एकमेकांना छेदणारे, आणि ते नेमके तिच्या चेहऱ्यावरून जात. त्याने मलमलीने पुसले, ओल्या कागदाने पुसले, शेवटी स्पिरिटने चोळले. पट्टे हलेनात. त्याला त्यांचा राग येत होता, नाटकगृहात पुढे उंच माणूस बसल्यावर यावा तसा.

बघ्याची बाजू मांडणारा कोणी वकील नसतो. आणि तो स्वतःशी वाद घालण्यात पटाईत असल्याने ही वकिली त्याने आयुष्यभर स्वतःच केली होती. त्याचा मुख्य साक्षीदार एक आठवण होती. तो नऊ वर्षांचा असताना, कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफेची नळी फुटून त्याचे वडील भाजले, आणि त्यांना घरी आणले ते केवळ शेवटच्या दुपारसाठी. गल्लीतली माणसे खिडकीशी दाटली. लहान मुलांना कडेवर घेऊन बायका आल्या. आत्याने संतापून खिडकी लावली, "तमाशा आहे का इथे? लाज नाही वाटत मेल्यांना!" तेव्हा वडिलांच्या उशाशी बसलेली आई वर न पाहता म्हणाली, "उघड, वन्सं. बघू दे त्यांना. नाहीतर मला वाटेल, हे माझ्या एकटीलाच दिसतंय." आत्याने खिडकी उघडली. गर्दी पांगली, परत जमली, पुन्हा पांगली; पण सायकल धरून उभा असलेला एक माणूस, जो त्यांच्या ओळखीचा नव्हता आणि ज्याला त्या गल्लीत काही कामही नसावे, तो सबंध दुपार तिथे उभा होता. तो काही बोलला नाही. मुलाने मान वर केली की तो तिथे असे. त्या माणसाचे आभार कधी मानता आले नाहीत, हे त्याला पुढे पंचेचाळीस वर्षे बोचत राहिले. आणि आपण जे करतो ते त्या सायकलवाल्याचेच काम आहे अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. युक्तिवाद सुबक होता. त्यात खोट एवढीच होती की सायकलवाला खिडकीशी उभा होता. तो मुलाला दिसत होता.

शुक्रवारी सकाळी तो एका औषधांच्या दुकानाची दर्शनी काच बसवत होता. काम झाले, ब्रश पांढऱ्या पाण्यात बुडवला, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्याने पहिला पट्टा खाली ओढला. दुसरा ओढायला हात उजवीकडे नेला आणि तो तिथेच थांबला. काचेपलीकडे दुकानदार खोकी लावत होता. पट्टा नेमका त्याच्या चेहऱ्यावरून जात होता.

ज्याला काचेचे काम माहीत नाही त्याने ते पट्टे आणखी महिनाभर पुसले असते. जुन्या, वर्षानुवर्षे चौकटीत बसलेल्या काचेवर फुली नसते. फुली नव्या काचेवर असते, तीही आठच दिवस. त्या खोलीतल्या खिडकीवर फुली मंगळवारी साडेअकराला पहिल्यांदा आली, आणि ती त्याने स्वतः ओढली. म्हणजे म्हातारी पडली ती त्यानंतर. किंवा अजून पडायची होती. आणि मग दुसरी गोष्ट, इतकी क्षुल्लक की त्याला स्वतःच्या हातांचा तिरस्कार आला: त्या खिडकीची पुट्टी आतून होती. त्याने ती स्वतः खरवडली होती, पूर्वीच्या कारागिराला मनात आळशी म्हटले होते, आणि घरी येऊन, शंभर तुकड्यांच्या सवयीने, खरबरीत कड आपल्याकडे धरली होती. तीन दिवस तो तुकडा उलटा, आतली बाजू डोळ्याकडे करून, धरत होता. सुलट्या काचेने झालेले दाखवले तर उलट्या काचेने काय दाखवावे, हे समजायला विद्वान व्हावे लागत नाही. "माझा ब्रश बघा जरा," एवढे तो दुकानदाराला म्हणाला आणि धावत सुटला.

चौपन्न वर्षांचा, स्थूल, गुडघे धरलेला माणूस भर सकाळी धावताना दिसला की लोक थांबतात. त्याला ते थांबलेले दिसत होते. "काय झालं हो?" कोणीतरी ओरडले, आणि त्या प्रश्नातली चव त्याने तत्काळ ओळखली, ती त्याचीच होती. पूल, टपाल कचेरी, शाळेची लांबच लांब भिंत. तो हिशेब करू पाहत होता. आज शुक्रवार, फुलीचा चौथा दिवस, म्हणजे अजून चार दिवस शिल्लक असतील, म्हणजे ती या क्षणी चहा पीत असेल आणि मी वेड्यासारखा दारात उभा राहीन. असे व्हावे, असे तो मनात म्हणत होता. मी मूर्ख ठरावे. तिने हसावे. तीस वर्षांत प्रथमच तो एखाद्या घराकडे असे इच्छीत चालला होता, की तिथे काहीही घडलेले नसावे; आणि ही इच्छा इतकी साधी, इतकी हलकी होती की तिच्याशिवाय इतकी वर्षे आपण कशी काढली याचे त्याला जिन्यावर, धाप लागलेली असताना, नवल वाटले.

दार बंद होते. त्याने हाका मारल्या. शेजारच्या दारातून मानेभोवती फीत टाकलेला शिंपी बाहेर आला.

"अहो, दार काय फोडताय? असतील झोपल्या."

"कधी दिसल्या?"

"सकाळी दूध आत घेताना. मघाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला, पण म्हाताऱ्या माणसाच्या घरी काही ना काही पडतंच. तुम्ही कोण?"

"काचवाला. मघाशी म्हणजे कधी?"

"अर्धा तास झाला असेल. का? काय झालं?"

"खांदा लावा," तो म्हणाला. शिंपी सडपातळ होता, पण त्याने वाद घातला नाही. तिसऱ्या धक्क्याला आतली कडी उखडली.

खोलीत सगळे तसेच होते. स्टूल, काठी, पायांवरचा पडदा. खिडकीच्या नव्या काचेवर पांढरी फुली अजून होती. तीन दिवस त्याने हे दृश्य इतके पाठ केले होते की क्षणभर तो उंबऱ्यातच उभा राहिला, हात मागे बांधल्यासारखा, पुढचे काय ते दिसण्याची वाट पाहत. काचेत या ठिकाणी पुढे काही नसे. तो हात पुढे जाई आणि मागे येई, एवढेच. आता तो हात पुढे आला, फरशीवर चाचपडला, आणि त्याने आत पाऊल टाकून तो धरला. हात बर्फासारखा होता, पण त्या बोटांनी त्याचा हात घट्ट पकडला. तुकड्यातून हे कधीही दिसले नव्हते, की तिला पकडायला काहीतरी हवे होते. शिंप्याने पडद्याचीच घडी करून डोक्याच्या जखमेवर दाबून धरली, रुग्णवाहिका बोलावली, आणि मग जिन्यावर जमलेल्या शेजाऱ्यांना काय झाले ते चार वेळा सविस्तर सांगितले. काचवाल्याला त्याचे वाईट वाटले नाही. त्या सांगण्यानेच दोन माणसे स्ट्रेचर धरायला आली.

खुब्याचे हाड मोडले होते. डोक्याला सात टाके पडले. अशा थंडीत उघड्या फरशीवर संध्याकाळपर्यंत राहिल्या असत्या तर गेल्याच असत्या, असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्याने बायकोला जसेच्या तसे सांगितले, आणि मग, तिने काहीही विचारले नसताना, बाकीचेही सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर तुमची बायको, मी माफ करूनच बसलेय. तिला सांगा जाऊन." त्या उत्तरासाठी तो तिचा जन्मभर ऋणी राहिला.

सोमवारी, भेटीच्या वेळेत, तो गेला. वॉर्डात बारा खाटा होत्या. म्हातारीचा पाय वजन लावून ओढून ठेवला होता, डोक्याला पट्टी होती, आणि ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला उशी कशी धरावी हे दटावून सांगत होती. त्याला पाहून तिने विचारले, "तुम्हाला कसं कळलं हो, मिस्त्री?"

त्याने सांगितले. पेटी, एकशेबारा तुकडे, पुट्टीची बाजू, फुली. तिने मध्ये एकदाही तोंड वेडेवाकडे केले नाही. "मी पोटावर हात ठेवून सांगायचे, मूल आडवं आहे म्हणून. डॉक्टर विचारायचे, कशावरून? कळतं ते कळतं. पुढे सांगा."

पुढचे अवघड होते. आपले दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले. "मंगळवारी पडदा मीच लावून देऊ शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. लावला नाही, कारण तुमच्याकडे काही झालेलं नव्हतं. आणि मग तीन दिवस मी तुम्हाला पडलेलं बघत होतो. मला वाटलं, होऊन गेलंय. पण होऊन गेलेलं असलं तरी... मला बरं वाटत होतं बघताना. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून आलो. आणि आभार मानायला."

"माझे? कशाचे?"

याचे उत्तर त्याने येताना वाटेत नीट रचून ठेवले होते, तीन उपवाक्यांचे. ते त्याला आता सापडेना. "हात धरलात म्हणून," तो म्हणाला.

म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात माया नव्हती आणि रागही नव्हता. जन्मलेल्या मुलाची बोटे मोजून घ्यावीत, तसे ते पाहणे होते. त्याने आयुष्यभर माणसांकडे पाहिले होते, पण कोणी आपल्याकडे असे पुरते, घाई न करता पाहिल्याचे त्याला आठवेना; आणि त्या नजरेखाली बसून राहताना त्याच्या मनात जे भरून आले त्याला 'माझे घर शाबूत आहे' हे कारण नव्हते. त्याला कारणच नव्हते. निकाल काहीही लागो, आपण तो इथे बसून ऐकणार आहोत, एवढ्यानेच तो कृतज्ञ होता.

"तुम्ही चांगले नाही," ती म्हणाली. "उपयोगाचे आहात."